बेत आखायचा तो कयाक उलटल्यावरचा

खडकवासल्यातून पाणी सोडले की नारायण पेठेत एक कार्यक्रम ठरलेला असतो. नदीकाठी जाऊन पाणी कुठवर आले ते पाहायचे आणि मोबाइलवर फिरणारा क्युसेकचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. भिडे पुलाला पाणी लागले, मग पुलावरून गेले, मग नदीपात्रातला रस्ता बंद झाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पाणी कोणत्या वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढले होते, याच्या गोष्टी या पेठेत अजून सांगितल्या जातात. म्हणजे नदी आकड्यात वाचायची सवय इथल्या माणसाला नकळत लागलेली आहे. खळाळत्या पाण्यात कयाक घालणाऱ्याला शिकावी लागणारी पहिली गोष्ट हीच.

अलीकडे पेठांमधली मुले शनिवारी पहाटे ताम्हिणी घाट उतरून कोलाडला जातात. आधी रबरी तराफ्यातून, म्हणजे राफ्टमधून, एकदा कुंडलिका उतरून झालेली असते. मग कोणी ऋषिकेशला आठवडाभराचे शिबिर करून येतो आणि पुढच्या खेपेला कयाक घेऊन जायचे ठरते. इथे मोठा फरक पडतो. राफ्टमध्ये सात-आठ जण असतात, मागे अनुभवी मार्गदर्शक बसलेला असतो आणि आपण त्याच्या आरोळीवर वल्ही मारतो. कयाकमध्ये आपण एकटे. कमरेपासून खालचे शरीर बोटीच्या आत, भोवती पाणी आत येऊ नये म्हणून ताणून बसवलेला स्प्रे स्कर्ट. बोट उलटली की डोके पाण्याखाली आणि पाय आकाशाकडे. नवशिक्याची कयाक उलटते, ही शक्यता नव्हे. ते गृहीतच धरायचे.

म्हणून सहलीची आखणी ‘किती किलोमीटर वल्हवायचे’ इथून सुरू करू नये. बोट उलटली, माणूस बाहेर पडला, आता तो कुठे वाहत जाईल आणि त्याला कोण, कुठून बाहेर काढेल, या प्रश्नापासून ती सुरू करावी. बाकी सारे, म्हणजे नदी कोणती, महिना कोणता, सोबत कोण, जेवण कुठे, हे या उत्तरावरून ठरते. आपल्याकडे बहुतेक बेत नेमके उलट क्रमाने होतात. आधी जेवणाचे ठरते.

हे पाणी कोणाचे?

कुंडलिकेचे उदाहरण समजून घेण्यासारखे आहे. मुळशीचे धरण मुळा नदीवर आहे. हे पाणी एरवी मुळेतून वाहत पुण्याच्या संगमावर आले असते. ते बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे नेले जाते, साधारण अर्धा किलोमीटर खाली कोकणात उतरवले जाते आणि भिऱ्याच्या वीजगृहातली चक्रे फिरवून कुंडलिकेत सोडले जाते. भिऱ्याचे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी उभारलेल्या सत्याग्रहाच्या बातम्या याच नारायण पेठेतल्या गायकवाड वाड्यातून, ‘केसरी’तून निघत. तेव्हा कोलाडला बोट घालायला जाणारा पुणेकर घाटाच्या रस्त्यावर ज्या जलाशयाच्या कडेने जातो, त्याच जलाशयाच्या पाण्यावर तो काही तासांनी तरंगणार असतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की कुंडलिकेला पाणी किती आणि केव्हा येणार, हे नदी ठरवत नाही. विजेची मागणी ठरवते. पाणी बहुधा सकाळी सुटते. ते आले की नदी भरते, काही तास चालते आणि मग ओसरते. वरून सुटलेले पाणी खालच्या गावी पोचायला वेळ लागतो, म्हणून नदीकाठी उभे राहून पाहिले तर रेल्वे यावी तसे पाणी ‘येते’. या गाडीच्या आधी पात्रात उतरणे जितके वाईट, तितकेच तिच्या शेवटच्या डब्यामागे राहणे वाईट. आधी उतरलात तर वाढत्या पाण्याचे तोंड अंगावर येते. रेंगाळलात तर पाणी पायाखालून निघून जाते, दगड उघडे पडतात आणि सरळ उतरता येणारा टप्पा खरचटण्याचा आणि अडकण्याचा टप्पा होतो. कधी यंत्राच्या दुरुस्तीसाठी पाणी सुटतच नाही. अशा दिवशी काठावर बसून पोहे खावेत आणि परत यावे. ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर’ या वाक्याने किती माणसे बुडाली असतील, याची नोंद कुठे होत नाही.

पाणी सुटण्याची वेळ आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी स्थानिक राफ्ट चालवणाऱ्यांकडून विचारून घ्यावी. रोज त्या पाण्यात असणाऱ्या माणसाचा ‘आज नको’ हा शब्द अंतिम मानावा. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि असे उपक्रम चालवणाऱ्यांसाठी नोंदणीची पद्धत घालून दिली. ज्याच्याकडून बोट भाड्याने घ्यायची, त्याला नोंदणीचा कागद दाखवायला सांगण्यात संकोच नको. आपण पाच रुपयांच्या कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून पाहतोच की.

डिसेंबर ते मे या काळात कुंडलिकेचे पाणी जवळजवळ सगळे वीजगृहातून आलेले असते. त्याचा अंदाज बांधता येतो आणि ते फार गारही नसते. शिकणाऱ्यासाठी हा हंगाम. पावसाळ्यात मात्र सुटलेल्या पाण्यात प्रत्येक ओढ्या-वहाळाचे पाणी मिसळते आणि हिशेब कोलमडतो. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग चालू होता आणि पुण्यात सिंहगड रस्त्याकडच्या वसाहतींत पाणी शिरले होते. डोक्यावर ऊन असले तरी वरच्या डोंगरात पाऊस पडत असेल तर खालचा ओढा मिनिटांत बदलतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते असेच. प्रवाहाच्या मध्ये एकमेकांना धरून उभे असताना पाणी वाढले. त्यांच्यापाशी बोट नव्हती, पण ज्या पाण्याने त्यांना नेले ते आणि कयाकवाल्याचे पाणी एकच.

पाणी वाढत असल्याची चिन्हे आकड्याआधी दिसतात. रंग गढूळ होतो, पालापाचोळा आणि काटक्या तरंगत येऊ लागतात, आवाज जाड होतो. काठावर एखादा दगड निवडून ठेवावा, पाण्याच्या रेषेपाशी. थांबलेल्या प्रत्येक वेळी असा एक दगड बघायचा. तो बुडाला तर बोटी वर काढायच्या.

क्युसेक, वेग आणि रेटा

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. पण कयाकवाल्याला केवळ किती पाणी हे पुरत नाही, ते किती वेगाने जाते हेही हवे असते. कारण वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी पाच किलोमीटर, म्हणजे आपल्या भरभर चालण्याच्या वेगाने वाहणारे पाणी माणसाच्या पूर्ण शरीरावर ढोबळमानाने १५ किलोंचा रेटा देते. वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो, ६० किलो. त्याच पाण्यात आडवी होऊन दगडाला टेकलेल्या आणि पाण्याने भरलेल्या छोट्या बोटीवर ३०० किलोंच्या आसपास रेटा असतो. त्या दगडाच्या आणि बोटीच्या मध्ये माणूस असेल तर त्याला हाताने ओढून काढणे चौघांनाही जमत नाही. म्हणून उलटल्यावर बोटीच्या वरच्या बाजूला, म्हणजे ज्या बाजूने पाणी येते तिकडे राहायचे. बोट आपल्या पुढे जाऊ द्यायची.

नदीच्या टप्प्यांना एक ते सहा अशी श्रेणी देण्याची जगभर चालणारी पद्धत आहे. पहिली म्हणजे हलक्या लाटा, सहावी म्हणजे जिथे अनुभवी माणूसही जिवावर उदार होऊन जातो. कुंडलिकेचा राफ्टिंगचा टप्पा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा मानतात. पण श्रेणी दगडावर कोरलेली नसते. पाणी वाढले की ती बदलते. पाणी दहा अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल किंवा टप्पा वस्तीपासून फार दूर असेल तर श्रेणी मनातल्या मनात एकाने वाढवून धरावी, असा अमेरिकेतल्या कयाकवाल्यांच्या १९५९ पासून चालत आलेल्या सुरक्षा-संहितेचा सल्ला आहे. हिमालयातल्या बर्फाच्या पाण्याच्या नद्यांना हे लागू पडते. ऋषिकेशला जे जमले ते कुल्लूला जमेल, असे नाही.

श्रेणीपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे पाण्यातले सापळे ओळखणे. सगळ्यांत फसवे दोन सापळे पुण्यात रोज डोळ्यांसमोर असतात, म्हणून ते इथेच बघून ठेवावेत.

पहिला भिडे पूल. पावसाळ्यात पाणी पुलाच्या तळाला टेकते तेव्हा पुलाखालून पाणी जाते, पण तरंगणारी वस्तू जात नाही. काटक्या, प्लास्टिक, जलपर्णी पुलाला चिकटून बसतात. चहाच्या गाळणीत पावडर राहते आणि चहा खाली जातो, तसे. कयाकवाले या सापळ्याला गाळणीच म्हणतात. नदीत पडलेले झाड, काठावरच्या बाभळीच्या पाण्यात लोंबणाऱ्या फांद्या, मासेमारीची जाळी, पंपाचे पाइप आणि तारा, सखल पूल या सगळ्या गाळण्या. माणूस त्यांना चिकटला की पाणी त्याला तिथेच दाबून धरते. गाळणी दिसली की तिच्यापासून दूर, काठाकडे जीव तोडून पोहायचे. अगदीच टाळता आली नाही तर उताणे न राहता पालथे होऊन, डोके पुढे करून, हातांनी रेटा देत तिच्यावर चढायचे. पाय आधी गेले की माणूस खाली ओढला जातो.

दुसरा सापळा बंधारा. दिसायला तो कधीकधी निव्वळ एक गुळगुळीत पडदा असतो, उंची माणसाच्या कमरेइतकी. खाली पडलेले पाणी तळाला जाऊन पुढे उसळते आणि वरचा थर मागे, बंधाऱ्याकडे, परत येतो. त्यात सापडलेला माणूस पुढे निघतो, पुन्हा मागे ओढला जातो, पाण्याखाली जातो, वर येतो, पुन्हा मागे. नैसर्गिक धबधब्याच्या कडेला कुठे तरी फट असते, बंधारा मात्र काठापासून काठापर्यंत सरळ असतो, म्हणून त्यातून बाजूने सुटताही येत नाही. अभियंत्यांच्या भाषेत ही हायड्रॉलिक जंप. धरणाच्या पायथ्याशी ती मुद्दाम घडवतात, कारण पाण्याची ऊर्जा तिथेच मोडली नाही तर पुढचा तळ उखडतो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, १९१६ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत, धरणांच्या छोट्या प्रतिकृतींवर पाणी सोडून हे असे प्रवाह अभ्यासले जातात. धरण वाचवणारी ही उसळी कयाकवाल्याचा जीव घेते. त्यात त्या फेसात निम्मी हवा असते. लाइफ जॅकेट पाण्यावर तरंगते, हवेवर नाही. फेसात ते नेहमीसारखे उचलत नाही.

कुंडलिकेवर पुढे डोलवहाळला बंधारा आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक नद्यांवर दर काही मैलांवर कोल्हापूर पद्धतीचा एखादा बंधारा असतोच, आणि पाणी चढले की तो पूर्ण झाकला जातो. वरून बोटीतून येणाऱ्याला तो दिसत नाही. फक्त पाणी पुढे अचानक संपल्यासारखी एक आडवी रेषा दिसते. अशी रेषा दिसली की थांबायचे, काठाला लागायचे आणि चालत जाऊन बघायचे. उपग्रह-नकाशावर पूर्ण टप्पा आधी पाहून सगळे बंधारे, पूल आणि साकव कागदावर मांडून घेणे, हे घरी बसून करायचे काम आहे. सहलीच्या आखणीत एवढ्या फायद्याचे आणि फुकट दुसरे काही नाही.

प्रत्येक खळाळाला चार प्रश्न

खळाळाच्या वर थांबून, काठाने चालत जाऊन तो पाहायचा. पाण्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण दिसते. तिचे टोक खाली, प्रवाहाच्या दिशेने असेल तर ती दोन दगडांमधली मोकळी वाट. टोक वर, आपल्याकडे असेल तर तिथे पाण्याखाली दगड. दगडाच्या मागे पाणी थबकते, किंचित उलटेही वाहते. हे थांबते पाणी, कयाकवाल्यांची ‘एडी’, म्हणजे नदीतला बसथांबा. असे थांबे कुठे आहेत ते बघून ठेवायचे.

आणि मग विचारायचे: इथे उलटलो तर कुठे उलटेन? उलटल्यावर वाहत कुठे जाईन? दोर कोण, कुठून टाकेल? आणि दोर हुकला तर पुढे काय आहे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘शांत डोह’ असे असेल तर जायला हरकत नाही. उत्तर ‘आणखी एक खळाळ’ असेल तर गट अनुभवी हवा. उत्तर ‘बंधारा’ किंवा ‘पडलेले झाड’ असेल तर कयाक खांद्यावर घ्यायची आणि काठाने चालायचे. जगातले उत्तम कयाकवाले बोट खांद्यावर घेऊन भरपूर चालतात. त्यात कमीपणा वाटणारे बहुधा नवे असतात.

किमान तिघे हवेत. एकाला काही झाले तर दुसरा त्याच्यापाशी थांबतो आणि तिसरा मदत आणायला जातो, हा त्यामागचा साधा हिशेब. सर्वांत अनुभवी माणूस पुढे आणि त्याच्या खालोखालचा अगदी शेवटी. पुढचा खळाळ उतरून खाली थांबला, दोर हातात घेऊन तयार झाला, त्याने वल्हे उभे धरले, मगच दुसऱ्याने निघायचे. वल्हे आडवे धरले की थांबा. तीन लांब शिट्या म्हणजे मदत हवी. पाण्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून खुणा काठावरच पाठ करून घ्याव्यात.

दोर म्हणजे पिशवीत भरलेला, पाण्यावर तरंगणारा १५ ते २० मीटरचा दोर. तो मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, टाकणाऱ्याने नाही आणि झेलणाऱ्यानेही नाही. झेलणाऱ्याने उताणे होऊन दोर छातीशी धरायचा. प्रवाह त्याला घड्याळाच्या लंबकासारखा काठाकडे आणतो. टाकणाऱ्याने उभी राहायची जागा निवडताना एवढेच बघायचे, की लंबक दगडावर आपटणार नाही. हे सगळे वाचून येत नाही. एखाद्या रविवारी शांत पाण्यावर वीस-वीस वेळा दोर टाकून बघा. पहिले दहा हुकतात.

वाहून जाणाऱ्याने काय करायचे? उताणे, पाय वर आणि खालच्या दिशेला, म्हणजे दगड आला तर तळव्यांनी झेलता येईल. मग हातांनी तिरके पोहत थांबत्या पाण्याकडे. आणि सर्वांत महत्त्वाचे, पाणी गुडघ्याच्या खाली येईपर्यंत उभे राहायचा प्रयत्न करायचा नाही. हे आपल्या उपजत बुद्धीच्या विरुद्ध आहे, म्हणून पुन्हा सांगतो. वाहत्या पाण्यात पाय टेकला आणि दोन दगडांच्या फटीत अडकला, तर मागून येणारा रेटा माणसाला पुढे वाकवतो आणि तोंड पाण्यात दाबून ठेवतो. मांडीएवढ्या पाण्यात पट्टीचे पोहणारे असे बुडाले आहेत.

टिळक तलावात शेकडो फेऱ्या मारणाऱ्याला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबवर संथ पाण्यात वल्ही मारलेल्याला हे सारे वेगळे वाटेल. पोहता येणे आवश्यकच, पण ते पुरेसे नाही. नदीवर जाण्याआधी एक गोष्ट मात्र संथ पाण्यात, जाणत्या माणसाला शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभे करून करायलाच हवी. मुद्दाम कयाक उलटवायची, न घाबरता पुढे वाकायचे, स्प्रे स्कर्टची कडी शोधून ओढायची आणि बाहेर यायचे. डोळे मिटून, दहा वेळा. निघताना ती कडी स्कर्टच्या बाहेर आहे ना, हे एकमेकांचे तपासायचे. ती आत दुमडली गेली तर उलटल्यावर हाताला लागत नाही. बोटीतच राहून वल्ह्याच्या झटक्याने पुन्हा सरळ होण्याची कला, ज्याला रोल म्हणतात, ती त्यानंतर यायची.

लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघा. ते कानापर्यंत आले तर पट्टे सैल आहेत. हेल्मेट नदीचेच हवे, मोटारसायकलचे नव्हे. ते पाणी भरून मान ओढते. बूट टाच झाकणारे. जीन्स नको, गळ्यात लोंबणारे काही नको. चष्मा दोरीने बांधा आणि दुसरा गाडीत ठेवा.

शरीराचा हिशेब

आकडी येणारा आजार, अनियंत्रित रक्तदाब किंवा दमा, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, पूर्वी निखळलेला खांदा, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. आकडी येणाऱ्याने कयाकमध्ये बसूच नये. पाण्याखाली आलेली एक आकडी पुरते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी पोटी निघू नये, जवळ साखर ठेवावी आणि ती कुठे आहे हे सोबत्यांना सांगून ठेवावे. दम्याचा पंप बोटीतल्या कोरड्या पिशवीत, गाडीत नाही. मद्याचे इथे सांगायला हवे, कारण कोलाडच्या शनिवार रात्री आणि रविवार सकाळ यांचा संबंध सर्वांना ठाऊक आहे. रात्रीच्या पिण्याने सकाळी तोल, प्रतिक्रियेचा वेग आणि अंदाज तिन्ही ढिले असतात, आणि आपण ठीक आहोत असे मात्र वाटत असते.

कयाकिंगची ठरलेली दुखापत म्हणजे निखळलेला खांदा. लाटेने तोल गेला की हात डोक्याच्या वर आणि मागे जातो, पाणी वल्हे खेचते, सांधा सुटतो. उपाय म्हणजे कोपरे खाली, शरीराजवळ, वल्हे नेहमी छातीच्या समोर. निखळलाच तर मित्राने सिनेमात पाहिलेला झटका देऊ नये. नस किंवा रक्तवाहिनी दुखावते. हात आहे त्या स्थितीत ओढणीने किंवा टॉवेलने छातीशी बांधून रुग्णालय गाठावे.

थंड पाण्याचा धोका कुंडलिकेत कमी, हिमालयात मोठा. बर्फाळ पाण्यात पडल्यावर पहिल्या क्षणी माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो आणि धापा टाकू लागतो. तोंड पाण्याखाली असेल तर तोच श्वास पाणी आत नेतो. मिनिटभर फक्त तोंड वर ठेवून श्वास ताब्यात आणायचा. त्यानंतर हातापायांत ताकद असते ती दहाएक मिनिटे. तेवढ्यात काठ गाठायचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. बुडालेल्याचे हृदय बंद पडते ते बहुधा प्राणवायू न मिळाल्यामुळे. म्हणून त्याला पहिली गरज श्वासाची असते. बाहेर काढल्यावर हाक मारा. प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, तर मान मागे, हनुवटी वर करून, नाक दाबून तोंडाने श्वास द्या. युरोपीय पद्धतीत सुरुवातीला पाच, अमेरिकी पद्धतीत दोन. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब, दोन श्वास, असे मदत येईपर्यंत. नुसती छाती दाबण्याचा जो सल्ला रस्त्यावर कोसळलेल्या माणसासाठी दिला जातो, तो इथे अपुरा आहे.

आपल्याकडे अजूनही बुडालेल्याला पालथे घालून पोट दाबतात, पाय धरून गरागरा फिरवतात, पाणी ‘काढतात’. फुप्फुसातले पाणी असे निघत नाही. पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाते आणि मेंदूची मोजकी मिनिटे वाया जातात. ज्याला श्वास द्यावा लागला किंवा जो बाहेर आल्यावर सतत खोकतो, धापा टाकतो, त्याला बरे वाटू लागले तरी रुग्णालयात न्यावे आणि काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे. पुढच्या तासांत श्वास बिघडू शकतो.

त्यासाठी रुग्णालय कुठे आहे हे निघण्याआधी ठाऊक हवे. कोलाडच्या टप्प्यासाठी रोहा आणि माणगाव इथली उपजिल्हा रुग्णालये. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. दरीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून रेंज कुठे मिळते तेही विचारून ठेवावे. एक गाडी उतरायच्या ठिकाणी आणि तिची किल्ली कोणाच्या खिशात, हे सर्वांना माहीत असावे. घरी एक चिठ्ठी ठेवावी: कोण कोण, रक्तगट, कुठून कुठपर्यंत, कितीला बाहेर येणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे. आई-वडील चिठ्ठी वाचून काळजी करतील, हे खरे. चिठ्ठी नसेल तर ते रात्री दहापर्यंत काहीच करणार नाहीत.

शेवटचा धोका घरी परतल्यावर उगवतो. उंदीर-घुशी आणि गुरांच्या लघवीतून पाण्यात-चिखलात येणारे लेप्टोस्पायराचे जंतू खरचटलेल्या त्वचेतून, डोळ्यांतून, नाकातोंडातून शरीरात शिरतात. कोकणात पावसाळ्यात आणि त्यानंतर हा आजार दरवर्षी दिसतो. २००० साली मलेशियाच्या साबा प्रांतात झालेल्या साहस-शर्यतीनंतर शोध घेतला, तेव्हा संपर्क झालेल्या १८९ स्पर्धकांपैकी ८० जणांना लेप्टोस्पायरोसिसशी जुळणारा आजार झालेला आढळला. २९ जणांना रुग्णालयात राहावे लागले, सुदैवाने कोणी दगावले नाही. तिथल्या नदीत पोहलेल्यांना धोका जास्त होता, आणि आधीपासून डॉक्सिसायक्लिन घेतलेल्यांना काही संरक्षण मिळाले असे दिसले. ते औषध घ्यायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे, मित्राच्या सांगण्यावरून नाही. आपल्या हातात आहे ते इतकेच: जखमा उतरण्याआधी पाणी आत न जाणाऱ्या पट्टीने झाकणे, पुराच्या गढूळ पाण्यात न जाणे, बाहेर आल्यावर स्वच्छ पाणी आणि साबणाने अंघोळ. शहरातून जाणाऱ्या मुठेत सांडपाणी मिसळते, तेव्हा सराव म्हणूनही नारायण पेठेच्या काठाने बोट घालण्याचा मोह टाळावा.

पाण्यात उतरल्यापासून साधारण महिनाभरात, बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर दोन दिवस घरी क्रोसिन घेत बसू नका. डॉक्टरांकडे जाऊन तापाचे सांगण्याआधी ‘अमुक तारखेला नदीत होतो’ हे सांगा. पुण्यातल्या दवाखान्यात ताप म्हटले की डॉक्टरांच्या डोक्यात आधी डेंग्यू येतो. नदीचे सांगितले तर रक्ताची आणखी एक तपासणी ते त्याच दिवशी लिहून देतील.